टपावरच्या एसीचे वीजगणित

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या पश्चिम कडेला, कॅलिफोर्नियाच्या हद्दीपासून थोड्याच अंतरावर, क्वार्टझाइट नावाचे एक लहानसे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या अडीच हजारांच्याही आत होती. हिवाळा लागला की मात्र गावाभोवतीच्या कोरड्या माळावर हजारो मोटरहोम आणि ट्रेलर येऊन मुक्काम ठोकतात. ही जमीन कोणाच्या खासगी मालकीची नाही. ती केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यात आहे. या एका खात्याकडे महाराष्ट्राच्या तिप्पट भरेल एवढी, सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. तिच्यातला क्वार्टझाइटजवळचा ला पोसा हा साधारण ११,४०० एकरांचा पट्टा १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात लांब मुक्कामासाठी खुला असतो. जागा हवी तेवढी मिळते. पण गाडी उभी केली तिथे ना विजेचा खांब, ना पाण्याचा नळ. जे काही लागेल ते चाकांवर घेऊन यायचे.

या गावाला वाळवंटातल्या प्रवासाचा जुना वारसा आहे. अमेरिकी लष्कराने १८५६ मध्ये मध्यपूर्वेतून उंट आणवले, तेव्हा त्यांच्याबरोबर हाजी अली नावाचा एक उंटवाला आला होता. स्थानिकांनी त्याच्या नावाचे ‘हाय जॉली’ करून टाकले. १९०२ मध्ये तो इथेच वारला आणि त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड उभारून माथ्यावर धातूचा उंट बसवला आहे. उंटांचा तो प्रयोग फसला. आता त्याच माळावर दहा-बारा टनांच्या गाड्या येतात आणि त्यांच्या टपावर एक पांढरा चपटा खोका बसवलेला असतो.

तो खोका म्हणजे एसी. चाकांवरच्या घरांच्या छताला हवा खेळण्यासाठी १४ इंच लांब-रुंद चौकोनी झरोका ठेवण्याची जुनी पद्धत आहे आणि एसी बनवणाऱ्यांनी आपली यंत्रे त्याच मापात बसवली. पंखा काढा, एसी ठेवा, खालून चार बोल्ट आवळा. सगळ्यात जास्त खपणारे माप ताशी १३,५०० बीटीयूचे. आपल्याकडच्या हिशेबात १२,००० बीटीयू म्हणजे एक टन, तेव्हा हा सव्वा टनाच्या किंचित आतला एसी झाला. वॅटमध्ये सांगायचे तर तो गाडीतून सुमारे ३,९५० वॅट उष्णता उचलून बाहेर फेकतो आणि त्यासाठी स्वतः १,५०० वॅटच्या आसपास वीज खातो. एक भाग वीज देऊन अडीच भाग उष्णता हलवायची, हे वातानुकूलनाचे मूळ आश्चर्य आहे. पण ज्या दिवशी पारा ४५ अंशांवर जातो त्या दिवशी हे गणित बिघडते. बाहेरची हवाच तापलेली असल्याने उष्णता टाकायला कॉम्प्रेसरला जास्त दाब उभा करावा लागतो. वीज वाढते, गारवा घटतो. सर्वात गरज असेल तेव्हाच हे यंत्र सर्वात कमी कामाचे असते.

पैसे मोजून राहायच्या तळांवर हा प्रश्न येत नाही. तिथे प्रत्येक गाडीशेजारी विजेचा खांब असतो. अमेरिकेत घरगुती दाब १२० व्होल्टचा, त्यामुळे ३० अँपियरच्या खांबातून ३,६०० वॅट मिळतात आणि ५० अँपियरच्या खांबातून, दोन तारांचे मिळून, १२,००० वॅट. तीस अँपियरवर एसी चालू असताना कोणी मायक्रोवेव्ह आणि पाणी तापवायचा हीटर एकदम लावला तर ब्रेकर पडतो, एवढीच काय ती काळजी. खांब सोडून माळावर गेले की एसीपुढे दोन वेगवेगळ्या अडचणी उभ्या राहतात. एक अर्ध्या सेकंदाची असते आणि दुसरी रात्रभराची. या दोन्हींची गल्लत केल्यामुळे लोकांचा बहुतेक खर्च वाया जातो. कोणी मोठा जनरेटर घेतो, कोणी बॅटऱ्यांचा ढीग रचतो, आणि तरी एसी एकदा गुरगुरून बंद पडतो.

आधी अर्ध्या सेकंदाची अडचण. चालू असताना हा कॉम्प्रेसर १२-१३ अँपियर घेतो. सुरू होण्याच्या क्षणी मात्र तो ५० ते ६० अँपियर ओढतो. फिरणारी मोटर आपल्या फिरण्यातूनच पुरवठ्याच्या विरुद्ध दिशेचा दाब निर्माण करते आणि तो दाब करंटला आवर घालतो. थांबलेल्या मोटरमध्ये तो आवर नसतो. तारांचे वेटोळे जणू थेट जोडल्यासारखे करंट पिते. त्यात ही मोटर एकफेजी असते, म्हणजे तिला स्वतःच्या बळावर फिरायला सुरुवातच करता येत नाही. दुसऱ्या वेटोळ्यातून, कपॅसिटरच्या मदतीने, थोडा पुढे-मागे केलेला करंट सोडून तिला ढकलावे लागते. कपॅसिटर गेलेला छताचा पंखा नुसता गुणगुणत राहतो आणि काठीने पात्याला ढोसले की फिरू लागतो, हा अनुभव घरोघरी असतो. त्यामागचे कारण हेच.

कॉम्प्रेसरच्या बाबतीत आणखी एक अडथळा असतो. तो नुकताच बंद झालेला असेल तर एका बाजूला गॅसचा दाब चढलेला आणि दुसऱ्या बाजूला उतरलेला असतो. त्या दाबाविरुद्ध पहिलाच दट्ट्या रेटायचा म्हणजे मोटर अडकून बसण्याचीच शक्यता. म्हणून एसी बंद केल्यावर पुन्हा लावण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटे थांबायचे असते. तेवढ्यात दोन्हीकडचे दाब सारखे होतात. घरच्या एसीतही ही वेळ पाळलेली असते, फक्त तिथे यंत्र ती स्वतः पाळते.

व्होल्टेज पडले की प्रकरण आणखी चिघळते. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी पडले तर जोर १९ टक्क्यांनी घटतो. लहान जनरेटरवर ५० अँपियरचा झटका बसला की त्याचे व्होल्टेज कोसळते, व्होल्टेज कोसळले की मोटरचा जोर जातो, जोर गेला की ती फिरत नाही, आणि फिरत नाही म्हणून झटकाही ओसरत नाही. शेवटी जनरेटर लोड सोडून देतो. लांब, बारीक तारेची एक्स्टेन्शन केबल लावली तरी यातलेच काहीसे घडते, फक्त दोष केबलचा आहे हे लवकर लक्षात येत नाही.

यावरचा जुना उपाय म्हणजे सुरुवातीपुरता जादा कपॅसिटर जोडणे. त्याने जोर वाढतो, झटक्याची वेळ कमी होते, पण झटका राहतोच. नंतर आला सॉफ्ट स्टार्टर. तळहाताएवढ्या डबीत बसणारे हे इलेक्ट्रॉनिक्स कॉम्प्रेसरला मिळणाऱ्या विजेच्या प्रत्येक लहरीचा थोडाच तुकडा आधी जाऊ देते, मग मोठा, मग पूर्ण. काही बनावटीचे सॉफ्ट स्टार्टर पहिल्या काही वेळा सुरू होताना त्या विशिष्ट कॉम्प्रेसरचा स्वभाव मोजून ठेवतात आणि पुढच्या वेळी त्याप्रमाणे वीज सोडतात. झटका ६० ते ७० टक्क्यांनी खाली येतो असे उत्पादक सांगतात. म्हणजे ५५ अँपियरचा झटका २० च्या आसपास. चाकांवरच्या गारव्याच्या या सगळ्या खटाटोपात माझ्या मते खरी कमाल या डबीची आहे. ती एक वॅटही निर्माण करत नाही आणि एक वॅटही साठवत नाही. आधीपासून असलेली वीज फक्त नीट वाटून देते, आणि त्यामुळे दोन जनरेटरचे काम एकावर येते.

ते काम एकावर येणे किती मोलाचे, हे जनरेटरची पाटी वाचली की कळते. या मुक्कामांवर सर्रास दिसणारा होंडाचा ईयू२२००आय हा जनरेटर २१ किलोचा, एका हाताने उचलता येणारा. नावातले २,२०० वॅट क्षणभराचे. सतत मिळतात १,८०० वॅट, म्हणजे १२० व्होल्टला १५ अँपियर. तेरा हजार पाचशेचा एसी चालू झाल्यावर तो याला झेपतो. पूर्वी अडचण चालू होण्याची होती, म्हणून लोक असे दोन जनरेटर खास केबलने समांतर जोडत. सॉफ्ट स्टार्टरनंतर एक पुरू लागला, निदान समुद्रसपाटीजवळ.

टाकीत पेट्रोल बसते ३.६ लिटर आणि पूर्ण लोडवर ते ३ तास १० मिनिटांच्या आसपास पुरते. हिशेब केला तर लिटरमागे १.६ युनिट वीज. एका लिटर पेट्रोलमध्ये मुळात नऊ युनिटांच्या जवळपास ऊर्जा असते. बाकीची सात-साडेसात युनिटे इंजिन गरम होण्यात आणि धुराड्यातून निघून जातात. गारव्यासाठी आपण गाडीशेजारी एक शेगडीच पेटवतो, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

शिवाय आवाज. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये जनरेटरचा आवाज ५० फुटांवर ६० डेसिबलच्या वर जाता कामा नये असा केंद्रीय नियम आहे आणि बहुतेक तळांवर रात्री तो लावायलाच बंदी असते. मोकळ्या सरकारी माळावर असे बंधन सैल असले तरी शेजारी असतोच. आणि एक धोका आवाजाहून फार मोठा आहे. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. गाडीच्या खिडकीखाली किंवा बाहेर काढलेल्या छत्राखाली जनरेटर ठेवून आत झोपणे म्हणजे झोपेतच मरणाला आमंत्रण. गाड्यांमध्ये या वायूचा इशारा देणारे यंत्र बसवलेले असते. ते चालू स्थितीत आहे ना हे मुक्कामाला निघण्याआधी पाहायलाच हवे.

म्हणून लोकांची नजर बॅटरीकडे वळली, आणि इथे दुसरी अडचण, रात्रभराची, सुरू होते. उन्हाळ्याच्या रात्री बंद गाडीत कॉम्प्रेसर काही सतत चालत नाही. तो थोडा वेळ चालतो, थोडा वेळ थांबतो. निम्मा वेळ चालला असे धरू. १,५०० वॅटचा निम्मा म्हणजे सरासरी ७५० वॅट. आठ तासांच्या झोपेला सहा युनिटे. बॅटरीच्या एकदिश विजेची घरगुती प्रत्यावर्ती वीज करताना इन्व्हर्टर दहा टक्क्यांच्या आसपास वाया घालवतो, ते धरून साडेसहा.

साडेसहा युनिटे म्हणजे किती? लोडशेडिंगच्या दिवसांत घराघरांत आलेली ती मोठी, बारा व्होल्ट १५० अँपियर-तासांची बॅटरी डोळ्यापुढे आणा. तिची साठवण कागदावर १.८ युनिट. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते, म्हणजे हाताशी ०.९ युनिट. कॉम्प्रेसर सलग चालला तर अर्धा तास. तोही मिळणार नाही, कारण शिशाच्या बॅटरीतून जितक्या घाईने वीज ओढावी तितकी ती एकूण कमी देते. विल्हेल्म पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच हा संबंध सूत्रात मांडला होता. पंखे-दिवे कित्येक तास चालवणारी बॅटरी एसीपुढे थोड्याच मिनिटांत दम टाकते ती याच कारणाने. शंभर अँपियर-तासांच्या शिशाच्या बॅटऱ्यांवर ही एक रात्र काढायची तर त्या अकराएक लागतील आणि त्यांचे वजन ३०० किलोंच्या वर जाईल.

हे चित्र बदलले लिथियम आयर्न फॉस्फेटमुळे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील प्रयोगशाळेत जॉन गुडइनफ यांच्या गटाने हे रसायन बॅटरीसाठी पुढे आणले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधावर ए. के. पाधी, के. एस. नंजुंडस्वामी आणि गुडइनफ अशी तीन नावे आहेत. लिथियम-आयन बॅटरीवरील कामासाठी गुडइनफ यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. त्यांच्याइतक्या वयाच्या माणसाला नोबेल तोवर कधी मिळाले नव्हते. फॉस्फेटचे वैशिष्ट्य असे की ते सहसा भडकत नाही, हजारो वेळा भरते-उतरते, आणि जवळजवळ तळापर्यंत उतरवता येते. शंभर अँपियर-तासांच्या अशा एका बॅटरीत १.२८ युनिटे आणि ती बहुतेक सगळी वापरायची. सहा बॅटऱ्यांत रात्र निघते आणि वजन भरते ७५ किलोंच्या आसपास. एकच पथ्य: शून्य अंशाखाली त्या चार्ज करायच्या नाहीत. वाळवंटात जानेवारीच्या पहाटे पारा तिथवर जाऊ शकतो.

बॅटऱ्या आल्या की तारा आठवाव्या लागतात. एसीचे पंधराशे वॅट १२० व्होल्टला बारा-तेरा अँपियरमध्ये जातात. तेच १२ व्होल्टच्या बॅटरीकडून घेताना, नुकसान धरून, १३० अँपियरच्या घरात करंट जातो. त्याला अंगठ्याएवढ्या जाड तारा हव्यात, जोडणीचे नटबोल्ट करकचून आवळलेले हवेत आणि बॅटरीजवळच योग्य मापाचा फ्यूज हवा. एक सैल नट इथे आग लावू शकतो. हल्लीच्या मोठ्या गाड्यांत ४८ व्होल्टची जोडणी करतात ती एवढ्यासाठी: दाब चौपट केला की करंट चौथाईवर येतो.

आता ही साडेसहा युनिटे रोज भरून कुठून काढायची? टपावर सूर्य आहे, असे लगेच वाटते. चौरस मीटरमागे साधारण २०० वॅटचे पॅनेल बसते. आठ मीटर लांब, अडीच मीटर रुंद टप कागदावर २० चौरस मीटर. प्रत्यक्षात तिथे एसीचा खोका, झरोके, अँटेना आणि या सगळ्यांच्या सावल्या असतात. बाराशे वॅट बसले तरी पुष्कळ. अ‍ॅरिझोनाच्या कडक उन्हाळ्यात पूर्ण उन्हाचे साडेसहा तास धरले आणि धूळ, तारा, उष्णता यांत चौथा हिस्सा गेला असे मानले तर हाती येतात सहाच्या आत-बाहेर युनिटे. उष्णता सूर्याच्या पॅनेललाही मानवत नाही: २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला त्याची क्षमता ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते आणि वाळवंटात पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज तापते. म्हणजे मोठ्या गाडीचा अख्खा टप भरून एका रात्रीच्या झोपेपुरता सूर्य जेमतेम मिळतो. दुपारच्या एसीसाठी वेगळी सोय करावी लागते.

गणित जमवायचे तर खर्चाची बाजूही खाली यायला हवी होती, आणि ती आणली इन्व्हर्टर कॉम्प्रेसरने. तोशिबाने १९८०-८१ मध्ये बाजारात आणलेल्या या तंत्राला विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या जागतिक संस्थेने ऐतिहासिक टप्प्याचा मान दिला आहे. चालू-बंद, चालू-बंद असे न करता हा कॉम्प्रेसर आपला वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो. त्यामुळे अर्ध्या सेकंदाचा झटका मुळातच नाहीसा होतो. मोटर शून्यापासून हळूहळू वेग घेते. सॉफ्ट स्टार्टर जे वरून चिकटवतो ते इथे जन्मजात असते. आपल्या घरांत इन्व्हर्टर एसी आता सर्रास झाला. गाडीच्या टपावर तो उशिरा पोहोचला, कारण विजेच्या खांबाला जोडलेल्या गाडीत वीज वाचवायची कोणाला घाई नव्हती.

घाई होती ती ट्रकवाल्यांना. लांब पल्ल्याचा अमेरिकी ट्रकचालक केबिनमागच्या बिछान्यावर झोपतो आणि पूर्वी त्या केबिनचा एसी चालवायला रात्रभर इंजिन सुरू ठेवत असे. कॅलिफोर्नियाने डिझेल ट्रकचे इंजिन उभ्या जागी पाच मिनिटांहून जास्त चालवायला बंदी घातली आणि २००८ पासून झोपायच्या केबिनचे ट्रकही त्यात आले. मग इंजिन बंद असताना बॅटरीवर थेट १२ किंवा २४ व्होल्टला चालणाऱ्या लहान एसींना मागणी आली. मधला इन्व्हर्टरच नको, त्यामुळे त्याचे नुकसानही नाही. हे एसी छोटे असतात, सहा-सात हजार बीटीयूचे. मोठा मोटरहोम त्यांच्याने भर दुपारी गार होत नाही, पण व्हॅन किंवा दार लावलेली झोपायची खोली होते. इकोफ्लोचा वेव्ह २ हा हाताने उचलून नेण्याजोगा एसी तर ५,१०० बीटीयूचाच आहे आणि त्याच्या पोटाला लावायची बॅटरी १.१६ युनिटांची. अख्खी गाडी गार करण्याचा हट्ट सोडून माणसाभोवतीची हवा गार करायची, हा त्यामागचा विचार. तो मला पटतो.

ट्रकचा हा धागा आता आपल्याकडेही आला आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून भारतात तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. चालत्या ट्रकमध्ये इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर ते काम करेल. धुळ्याजवळच्या ढाब्यावर मे महिन्यातल्या दुपारी दोन तास आडवा झालेला चालक इंजिन बंद करतो, तेव्हा ती केबिन पुन्हा पत्र्याचा डबा होते. क्वार्टझाइटच्या माळावरचा आणि ढाब्याच्या आवारातला प्रश्न एकच आहे. तिथे तो हौसेचा, इथे पोटापाण्याचा.

वीज कितीही जमवली तरी एक बाजू राहतेच: आत येणारी उष्णता. चाकांवरच्या घराची भिंत जेमतेम दीड-दोन इंच जाड असते आणि खिडक्यांना बहुधा एकेरी काच. पश्चिमेकडच्या एक चौरस मीटर काचेतून दुपारी चारच्या सुमारास ५००-६०० वॅट उष्णता आत येते. अशा दोन खिडक्या म्हणजे टपावरच्या एसीच्या ताकदीचा चौथा हिस्सा तिथेच संपला. आतला प्रत्येक माणूस शांत बसून १०० वॅट टाकतो. दुपारी आत स्वयंपाक केला तर विचारायलाच नको. म्हणून मुरलेला माणूस जागेवर पोहोचल्यावर आधी सावल्या पाहतो, गाडीचे तोंड असे वळवतो की मोठ्या खिडक्या पश्चिमेला येऊ नयेत, छत्र उघडतो, काचांना बाहेरून चमकता पडदा लावतो. बाहेरून लावलेला पडदा आतल्या पडद्याच्या कितीतरी पट उपयोगी, कारण ऊन एकदा काचेच्या आत आले की ते आतलेच झाले. एसी सकाळी दहालाच लावून भिंती, गाद्या, कपाटे गार करून घेतो; दुपारी तापलेली गाडी गार करायला निघाले तर ती संध्याकाळपर्यंत गार होत नाही. सावली, छत्र आणि पडदे यांना तर एक युनिटही लागत नाही.

कोरड्या हवेत आणखी एक मार्ग आहे, आणि तो विदर्भाला सांगायला नको. १९३० च्या दशकात अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स आणि टुसॉन शहरांत अ‍ॅस्पेन झाडाच्या लाकडी काथ्याच्या जाळ्या लावलेले पाण्याचे कूलर घराघरांत बसले. नागपूरच्या खिडक्यांतल्या कूलरच्या जाळ्याही लाकडी काथ्याच्या किंवा वाळ्याच्याच असतात. ४३ अंश आणि दहा टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर २५-२६ अंशांची हवा देतो आणि एका पंख्यापुरती वीज घेतो. गुपित पाण्यात आहे. एक लिटर पाणी हवेत विरताना ०.६७ युनिट उष्णता शोषून घेते. टपावरच्या एसीइतकी उष्णता उचलायला तासाला सहा लिटर पाणी लागेल. पण गाडीत पाण्याची टाकी असते दोन-तीनशे लिटरची, त्यातच पिणे, भांडी, अंघोळ. विजेची टंचाई मिटवायला पाण्याची टंचाई ओढवून घ्यायची का, हे ज्याने त्याने ठरवायचे. आणि जुलैत मेक्सिकोकडून पावसाळी वारे आले, हवा ओली झाली, की अ‍ॅरिझोनातला कूलरही मुंबईतल्या कूलरसारखाच निकामी होतो.

म्हणून क्वार्टझाइटचे बहुतेक मुक्कामी सोपा मार्ग धरतात. एप्रिलच्या मध्याला ला पोसाचा हंगाम संपायच्या सुमारास गाड्या हलू लागतात आणि पुष्कळ जण उत्तरेला डोंगरांकडे वळतात. फिनिक्स समुद्रसपाटीपासून ३३० मीटरवर आहे. जुलैत तिथले सरासरी कमाल तापमान ४१ अंशांच्या घरात असते. त्याच राज्यातले फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर, पाइन वृक्षांच्या रानात. तिथे त्याच महिन्यात ते २८ च्या आसपास असते. उंचीवर हवा विरळ असल्याने जनरेटरच्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साडेतीन टक्क्यांनी घटते, त्यामुळे फ्लॅगस्टाफला त्या १,८०० वॅटच्या जनरेटरचे १,३६० वॅटच उरतात आणि टपावरचा एसी त्याच्याने ओढला जात नाही. तिथे तो लावायची वेळही सहसा येत नाही. संध्याकाळी झरोका उघडून बारा व्होल्टचा पंखा लावला की तो तीन-चार अँपियरवर चालतो, आणि रात्री दोनच्या सुमारास कोणीतरी उठून तोही बंद करतो.